विकायची की ठेवायची?

"सर, गाडी विकायचीय की ठेवायचीय?"

रोह्यातल्या एका गॅरेजमध्ये उभे असताना हा प्रश्न आम्हाला विचारला गेला. विचारणारा आमचाच जुना विद्यार्थी. सातवीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत होता, पुढे शिक्षणात मन रमले नाही, आता डेंटिंग-पेंटिंगच्या कामात त्याचा हात बसला आहे. प्रश्न विचारताना त्याच्या आवाजात कसलाही टोमणा नव्हता. शिंपी जसे विचारतो की कापड सुती आहे की टेरिकॉट, तितक्याच सरळपणाने त्याने विचारले. आम्ही मात्र गोंधळलो. रंग लावायला आलो होतो. गाडी पुढे कोणाकडे राहणार याचा रंगाशी काय संबंध?

संबंध होता. त्याने समजावून सांगितले. विकायची असेल तर वरून पुट्टी भरायची, रंग मारायचा, घासून चमकवायचे, अर्ध्या दिवसाचे काम. ठेवायची असेल तर आधी आजूबाजूचा चांगला रंगही खरवडून काढायचा, गंज कुठवर गेला आहे ते बघायचे, पत्रा उघडा करायचा, प्रायमर मारायचा, वाळू द्यायचा, मग रंग. पैसे दुप्पट, दिवस तीन. आणि दिसायला दोन्ही कामे सारखीच.

"दिसायला सारखीच" हे शब्द त्या दिवसापासून आमच्या मागे लागले आहेत.

आधी हकिकत सांगतो. गाडी आम्ही २०१५ साली नवीन घेतली. पेणहून रोह्याकडे शाळेसाठी रोजचे जाणे-येणे. मुंबई-गोवा महामार्गाचे पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले, हे या भागातल्या प्रत्येक दुचाकीवाल्याच्या पाठीच्या मणक्याला ठाऊक आहे. खडी, धूळ, पावसाळ्यात चिखल. २०२० च्या पावसाळ्यात वडखळच्या पुढे एका डंपरच्या चाकाखालून खडा उडाला आणि पेट्रोलच्या टाकीच्या खालच्या कडेला, जिथे पत्र्याचा जोड असतो तिथे, आदळला. मसुरीच्या दाण्याएवढा टवका उडाला. आम्ही थांबलो, बोट फिरवले, हळहळलो आणि पुढे निघालो. नव्या वस्तूवरचा पहिला ओरखडा माणसाला जितका झोंबतो तितके नंतरचे दहा झोंबत नाहीत. तो झोंबला, मग सवयीचा झाला. दोन पावसाळे गेले. टवका नखाएवढा झाला, कडेला तांबूस फुगवटा आला.

हे असे का होते, ते आम्ही मुलांना विज्ञानाच्या तासाला शिकवतो. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज. त्यात मीठ मिसळले की त्याला घाई सुटते. पेणला खाडीचा वारा आहे, मिठागरांचा मुलूख आहे, पाऊस तर विचारूच नका. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. आणि तो टवक्यापुरता थांबत नाही, रंगाच्या खालून बाजूला सरकतो. वरचा चकचकीत रंग शाबूत दिसत असतो आणि खाली पत्रा खाल्ला जात असतो.

कारखान्यातला रंग ही मोठी देखणी गोष्ट आहे. पत्रा धुऊन, रसायनात बुडवून तयार करतात, मग प्रायमर, त्यावर मूळ रंग, त्यावर पारदर्शक थर, आणि हे भट्टीत शंभर अंशांहून जास्त उष्णतेवर भाजून पक्के करतात. इतके सगळे करून एकूण जाडी वहीच्या एक-दोन पानांइतकीच. आपण बाटलीतून आणलेला टचअपचा रंग हवेवर वाळतो. त्याला ती भट्टी मिळत नाही. कंपनीचा क्रमांक तोच असला तरी छटा जुळत नाही, कारण टाकी इतकी वर्षे उन्हात फिकी झालेली असते. मेटॅलिक रंगात तर चमकीचे कण ज्या दिशेने बसतात त्यावर रंग ठरतो. कुंचल्याने लावलेले कण वेगळेच झोपतात. म्हणजे टचअप जाणत्या डोळ्यापुढे स्वतःची चुगली करतोच. पण सगळे डोळे जाणते नसतात.

आता मूळ प्रश्न. उडालेल्या रंगावर रंग लावणे हे खोटे बोलणे आहे काय?

आमच्या मते मुळीच नाही. आपल्या घरोघरी तांब्या-पितळेची भांडी होती तेव्हा वर्षातून एकदा कल्हईवाला गल्लीत भाता मांडून बसे. कल्हई केलेले पातेले चांदीसारखे लखलखे. कोणी म्हटले नाही की हा तांब्याला चांदी म्हणून खपवतो आहे. कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकतो, माणूस आजारी पडतो. ती आधी रक्षण, मग शोभा. रंगाचेही तसेच. आपली मराठी या बाबतीत शहाणी आहे. कल्हई, मुलामा, ऐब, डाग, दगा हे सारे शब्द अरबी-फारसीतून तिच्या घरात आले आणि इथलेच झाले. पैकी मुलामा म्हणजे वरवरचा लेप. तो शब्द उच्चारला की संशय येतो. कल्हई म्हटले की येत नाही. आणि दुरुस्तीला आपण डागडुजी म्हणतो. दुरुस्तीच्या शब्दातच डाग बसलेला आहे, लपवलेला नाही.

आमच्या पेणचेच बघा. पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांत वर्षभर गणपतीच्या मूर्ती रंगवल्या जातात. पेणच्या कारागिराने केलेली डोळ्यांची आखणी लांबून ओळखू येते असे जाणकार सांगतात. गाडीत भरताना मूर्तीच्या बोटाचा, मुकुटाचा रंग उडतो, कारागीर कुंचला घेऊन लगेच ठीक करतो. यात कोणाची फसवणूक? घेणाऱ्याला माहीत आहे की हा रंगच आहे. पण त्याच रंगाखाली शाडूची माती आहे की प्लास्टर ऑफ पॅरिस, हे रंगवल्यावर डोळ्यांना कळत नाही. उचलल्यावर वजनावरून कळते, शाडूची मूर्ती जड असते. प्लास्टरची मूर्ती शाडूची म्हणून विकली तर लबाडी. रंग दोन्हीकडे एकच. तेव्हा लबाडी रंगात नसते, रंगाखाली काय आहे याबद्दल आपण काय बोलतो किंवा बोलत नाही, त्यात असते.

मोटारसायकलीपुरते बोलायचे तर आजच्या गाडीचा बराचसा भाग प्लास्टिकचा आहे. बाजूचे पॅनेल, पुढचा मुखवटा, बऱ्याच गाड्यांचे मडगार्डसुद्धा. त्यावर ओरखडा गेला तर शोभा जाते, बाकी काही जात नाही. प्लास्टिक गंजत नाही. तिथे टचअप म्हणजे निव्वळ नटणे, आणि नटण्याला कोण नाही म्हणेल? टाकीच्या पत्र्यावर मात्र टवका म्हणजे आजाराचे तोंड उघडणे. नख फिरवून बघावे: नख अडकले नाही तर वरचा पारदर्शक थरच गेला आहे, नख अडकले आणि खाली लोखंड दिसले तर तो दिसण्याचा प्रश्न राहिला नाही.

आमचे नख अडकत होते. विद्यार्थ्याने पॉलिश पेपरने थोडे घासले तेव्हा पत्र्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले. तो म्हणाला, "जोडाजवळ आहे सर, टाकी उतरवून आतून बघायला पाहिजे." आम्ही क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "विकायचीय." त्याने मान हलवली, पुट्टीचा डबा उघडला. संध्याकाळी गाडी अशी झाली की आम्हालाच ती विकू नये असे वाटले.

घेणारा एक तरुण शिक्षक. शिक्षण सेवक म्हणून नुकताच लागलेला, तुटपुंजे मानधन, घरात लहान मूल. आम्ही २८ हजार सांगितले. त्याने घासाघीस केली नाही. मेकॅनिकला दाखव असे आम्ही म्हटले (हे एवढे म्हटले होते, ते मनात धरून आम्ही पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घातली), तर तो म्हणाला, "सरांची गाडी, त्यात बघायचं काय?"

आम्ही गप्प राहिलो.

या गप्प राहण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते पुढे मुद्दाम वाचले. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे. नुसते मौन हे सर्वसाधारणपणे कपट ठरत नाही असे तिथे आहे. उदाहरण घोड्याचे दिले आहे, मोटारसायकली तेव्हा नव्हत्या. लिलावात खोट असलेला घोडा विकला आणि विकणारा काही बोलला नाही, तर ते कपट नाही. पण घेणारी विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे हे कर्तव्य होते. आणि घेणारा जर म्हणाला की तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा धडधाकट समजेन, तर तिथले मौन बोलण्याइतकेच. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या घोड्यात आम्हाला आमची गाडी दिसली. "त्यात बघायचं काय" या वाक्याचा अर्थ दुसरा काय होता?

पण आम्ही काही कायद्याचे शिक्षक नाही. आम्ही दरवर्षी मुलांना जी गोष्ट सांगतो ती धान्याच्या ढिगाची. हजरत पैगंबर मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विचारल्यावर व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर पैगंबरांनी विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवले; आणि जो फसवतो तो आपल्यातला नव्हे असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. इतकी वर्षे सांगताना आमच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट या प्रकरणानंतर ध्यानात आली. त्या व्यापाऱ्याने धान्यात पाणी ओतले नव्हते. पाऊस पडला होता, त्यात त्याचा काय दोष? खडा उडाला, त्यात आमचा काय दोष? गुन्हा भिजण्यात नव्हता, वर सुके आणि खाली ओले अशा रचनेत होता. आणि त्याला विकू नको असे सांगितले गेले नाही, भिजलेले वर ठेव असे सांगितले गेले. भिजलेल्या धान्यालाही गिऱ्हाईक असते, कमी दामाचे. कोकणात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. २००५ आणि २०२१ च्या पुरांनंतर बुडालेला माल आणि बुडालेली वाहने धुऊन-पुसून विकायची की सांगून विकायची, हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही.

इमाम अबू हनीफा कापडाचे व्यापारी होते. त्यांच्याबद्दल सांगतात की भागीदाराला त्यांनी एक खोट असलेले वस्त्र दाखवून, विकताना खोट सांगायला बजावले होते. भागीदार विसरला, गिऱ्हाईक निघून गेले, सापडेना. तेव्हा इमामसाहेबांनी आलेली सगळी रक्कम दान केली. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, पण या बाबतीत मजहबांत भांडण नाही: खोट लपवलेली निघाली तर माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. फिक्हच्या भाषेत खियार-ए-ऐब.

इथे कोणी शंका काढील की आपल्याकडे ऐब झाकणे हे पुण्यही मानले आहे. पर्दापोशी. दुसऱ्याचा दोष झाकणाऱ्याचे दोष अल्लाह झाकतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. दुआ मागताना त्याला सत्तार म्हणतो. खरे आहे. पण माणसाचा दोष झाकला तर त्याची लाज वाचते आणि सहसा दुसऱ्या कोणाचे काही जात नाही. मालाचा दोष झाकला तर तोटा आपल्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. दोन्ही ठिकाणी पडदाच, पण एकीकडे पडद्यामागे माणूस आहे, दुसरीकडे हिशेब. आणि माणसाच्या बाबतीतही मर्यादा आहे. इमाम नववींनी रियाजुस्सालिहीनमध्ये सहा प्रसंग सांगितले आहेत जिथे दुसऱ्याचा दोष सांगणे ही निंदा ठरत नाही. सोयरीक जुळवताना कोणी सल्ला विचारला तर खरे सांगणे हा त्यांपैकी एक. आपल्या मोहल्ल्यांत नेमके उलटे चालते. रोजच्या बोलण्यात ज्याचे त्याचे उणे काढतो, आणि सोयरिकीच्या वेळी मुलाचे व्यसन, मुलीचे आजारपण यांवर झकास पुट्टी भरतो.

शिक्षकांनी तर फार बोलू नये. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. इतक्या वर्षांत त्या रकान्यात "चांगली" याखेरीज दुसरा शब्द आम्ही लिहिलेला आठवत नाही. तो टचअप आहे यात शंका नाही. पण त्याची आम्हाला लाज वाटत नाही. चौदा वर्षांच्या पोराने काच फोडली म्हणून त्याच्या आयुष्यभराच्या कागदावर ओरखडा का ठेवायचा? त्या वयातला ओरखडा बहुधा वरच्या थराचाच असतो. रंगकाम करणाऱ्या त्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावरही आम्हीच "चांगली" लिहिले होते, आणि ते खरे निघाले. निदान त्याने प्रश्न तरी विचारला.

आणखी एका टाकीबद्दल बोलायला हवे, कारण हा अंक ज्यांच्यासाठी निघतो त्यांना ते टाळता येणार नाही. मुसलमानाने मराठीत लिहायला बसले की दोन प्रकारचे वाचक समोर असतात. एक आपले, एक बाहेरचे. आपल्यातले उणे लिहावे तर बाहेरच्याच्या हातात खडा दिल्यासारखे होते. न लिहावे तर आत गंज चढतो. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात महिलांचा मोर्चा मुंबईत नेला, तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांना तो घरचा रंग चारचौघांत खरवडण्याचा प्रकार वाटला. त्यांची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही. कधीकधी ते गंजाबरोबर चांगला पत्राही घासतात असे वाटते. पण एका दमात तीन वेळा उच्चारलेला तलाक अखेर २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, म्हणजे मधली ५१ वर्षे आपण वरून रंग मारत राहिलो, आणि खरवडण्याचे काम शेवटी दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या सोयीने झाले. खडे उडत असताना माणूस आधी टाकीवर हात ठेवतो हे स्वाभाविक आहे, आणि आज खडे कमी उडतात असे कोण म्हणेल? तरीही समाज ही विकायची वस्तू नाही. इथे "विकायची की ठेवायची" या प्रश्नाला एकच उत्तर आहे, आणि ते काम महाग आहे, तीन दिवसांचे आहे.

सूरह कहफमधली नावेची गोष्ट या संदर्भात आम्हाला पुष्कळदा आठवली. गरीब नावाड्यांच्या नावेला खिज्र मुद्दाम खोट पाडतात, कारण पुढे एक राजा प्रत्येक धडधाकट नाव बळकावत असतो. खोट असलेली नाव वाचते. गाडीवरचा ओरखडा तसाच राहू द्या, चोर नेणार नाही, असे आमचे एक सहकारी याच न्यायाने म्हणत. पण नावेची खोट उघडी होती म्हणून ती उपयोगी पडली. राजाच्या माणसांना ती दिसली, नावाड्यांनाही दिसत होती. झाकलेली खोट कोणाच्याच उपयोगाची नाही.

पुढची हकिकत थोडक्यात. २०२३ च्या पावसाळ्यात तो तरुण शिक्षक शाळेच्या मिटिंगला भेटला. म्हणाला, "सर, गाडीला आठवडाभर पेट्रोलचा वास येत होता. कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय म्हणून दोनदा साफ केला. आता कळलं, टाकी जोडाजवळ पाझरते. तुमच्या ओळखीत कोणाकडे टाकी मिळेल का?" पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकत होते आणि त्या गाडीवर तो मुलाला पुढे बसवून बालवाडीत सोडत असे. तक्रार म्हणून तो आला नव्हता. मदत मागायला आला होता, आणि ते जास्त कठीण होते.

त्या दिवशी आम्ही "बघतो" एवढेच म्हणालो. घरी सांगितले तर बायको म्हणाली, त्याला माहीत नाही ना, मग टाकी शोधून द्या आणि मोकळे व्हा. हाही टचअपच होता, पण तिची नियत वाईट नव्हती. नवऱ्याची पर्दापोशी करत होती ती. तिसऱ्या दिवशी रोह्याला त्याच्या घरी गेलो आणि जे होते ते सांगितले. गंज आम्हाला माहीत होता, आतून बघायला पाहिजे हे सांगितले गेले होते, आम्ही नको म्हणालो. गाडी परत घेतो, पूर्ण २८ हजार देतो.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तेव्हा सांगितलं असतं तरी मी घेतलीच असती. मला गाडीची गरज होती. दोन हजार कमी करून घेतली असती, आणि टाकी आधी बदलली असती."

गाडी त्याने परत दिली नाही. नव्या टाकीचे पैसे तेवढे घेतले, पावतीप्रमाणे, वर एक रुपया नाही. टाकी बसवायला आम्ही तिघे त्याच गॅरेजमध्ये गेलो होतो. जुनी टाकी आमच्या विद्यार्थ्याने कापून उघडून दाखवली. आतून जोडाच्या कडेने बोटभर पट्टा तांबडा झाला होता, आणि बाहेरून त्याने वर्षापूर्वी मारलेला रंग तसाच चकचकीत होता. काम चांगले केले होते पोराने.